माइकची उंची

अकरा वर्षं झाली, मी माइकचे स्टँड लावते.
दसरा चौकातला हॉल असो, कळंब्यातलं लग्न असो,
गडहिंग्लजची प्रचारसभा असो,
माझ्या वाट्याला तीनच शब्द :
हॅलो, चेक, हॅलो.
पुढचं सगळं दुसऱ्यांचं.

स्टँडचा स्क्रू पुरुषांच्या हनुवटीपाशी गंजलेला असतो.
बाई बोलायला आली की खाली ओढताना कुरकुरतो
आणि हॉल हसतो, थोडासा,
तिनं अजून काहीच म्हटलेलं नसताना.

काल तिघी होत्या.
मागं बॅनर, ‘वेगळ्या वाटेवरच्या रणरागिणी’.
निवेदकानं तिघींना एकच विचारलं,
घर कसं सांभाळता?
तिघींनी गोड उत्तरं दिली. शाल, नारळ, फोटो.
मी वायरी गुंडाळल्या.

खरं बोलणं झालं रात्री साडेदहाला
गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
समोर म्हशीची धार पितळी चरवीत वाजत असताना.

विजयमाला पोवार, चिंचणवाडीची सरपंच.
गाव राखीव पडलं म्हणून उभी केलेली.
‘पोस्टरवर माझा फोटो तिकिटाएवढा, ह्यांचा दाराएवढा.
दीड वर्ष ह्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली.
मग टाकीचं बिल आलं. टाकी कुठाय, म्हटलं.
म्हणाले, तू भाकरी बघ.
बघितली की. शिक्का पिठाच्या डब्यात घातला
आणि दोन दिवस त्याच पिठाच्या भाकरी थापल्या.
घर पालथं घातलं त्यांनी. डबा सोडून.
पुरुष माणूस पिठात हात घालतोय व्हय?
आता ते पुतण्याकडं जेवतात.’

यास्मिन शिकलगार नऊ वर्षं सीपीआरच्या खिडकीत
केसपेपर लिहायची. नाव? वय? काय दुखतंय?
‘माणूस कुठं अडखळतो, कुठं खोटं बोलतो,
सगळं तिथंच शिकले.
पहिला शो मिसळीच्या दुकानावरच्या माळ्यावर.
चौदा जण. त्यातले नऊ माझे मावसभाऊ,
मला थांबवायला आलेले.
थांबले गं. शेवटपर्यंत थांबले.
अब्बा अजून गल्लीत सांगतात, पोरगी विम्यात आहे.’

कमळ आवळे बोलत नव्हती.
शेजारच्या भुर्जीच्या गाडीच्या जाळावर
तिनं हलगी धरली होती, नुसती सवयीनं.
कातडं तापलं तसं म्हणाली,
‘बापाचं मनगट गेलं. भावाला हलगीची लाज.
खिळ्यावरनं मीच काढली.
मैदानात बाईला आत पाय ठेवू देईनात,
मग बांधावरनं वाजवली.
बावीस मिनिटं कुस्ती सुटेना.
कशी सुटंल? मीच थांबेना.’

आम्ही हसलो. ती हसली नाही.
‘आज शाल घालताना त्यांनी बोटं वर धरली हुती.
तुमच्या वेळेला नव्हती धरली.’

यास्मिननं तोंड उघडलं,
तिच्याकडं विनोद असतो प्रत्येक गोष्टीवर,
आणि मिटलं.
मी स्टेजच्या कडेला होते. मी पाहिलं होतं.
मी तेव्हा बॅटरी बदलत होते.

भुर्जीवाल्यानं कांदा टाकला. कोणीतरी पैसे दिले.
मग विजयमाला माझ्याकडं वळली,
ओठावर फेसाची पांढरी मिशी.
‘आणि तू गं? सगळ्यांच्या उंच्या तुला पाठ.
तुझी किती?’

माइक नव्हता. स्क्रूही नव्हता.
मी घसा साफ केला.
हॅलो, म्हटलं. चेक.
म्हशीनं मान वळवून पाहिलं.
कमळनं हलगीवर तळवा ठेवून
तिचा उरलेला नाद बंद केला.

चौथा शब्द कोणता होता, आठवत नाही.
दुसऱ्या म्हशीची धार काढून झाली
तरी मी बोलत होते.